अखंड शेपट्यांचा कातळ

त्या कातळावर मान शेपटीने मोजला जाई.

कातळ लांबरुंद होता, तीन पायऱ्यांनी खाली उतरणारा, आणि त्यावर सापसुरळ्यांचं राज्य होतं. सगळ्यात वरच्या पायरीला उन्हाची पाटी म्हणत. सकाळचं पहिलं ऊन तिथे उतरे आणि संध्याकाळचं शेवटचं तिथूनच निघून जाई. जन्मापासून जिची शेपटी एकदाही तुटलेली नाही, अशी अखंड सापसुरळी त्या पाटीवर बसे. मधल्या पायरीवर पिलं आणि मोजणीची वाट पाहणाऱ्या तरण्या सापसुरळ्या असत. अगदी खाली, कातळ फुटून दगडगोट्यांचा ढीग झाला होता, तिथे तुटक्या राहत. तुटकी म्हटलं की ती कुठे राहते, काय खाते आणि तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हे सगळं एका शब्दात कळे.

सापसुरळीची शेपटी तिच्या अंगापेक्षा लांब असते. नाकाच्या शेंड्यापासून निघालेली सोनेरी रेघ पाठीवरून थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते. रेघ तुटली की रीत तुटली, अशी त्या राज्यातली म्हण होती. पूर्वी कधीतरी तिघींना शत्रूने शेपटीला धरलं होतं आणि तिघींनीही ती सोडली नव्हती. त्या अखंड गेल्या, असं सांगत. पिलांना किडे पकडायला शिकवण्याआधी त्या तिघींची नावं पाठ करून घेत. त्या गेल्या म्हणजे नेमक्या कुठे गेल्या, हे पिलं विचारत नसत आणि मोठ्याही सांगत नसत.

वर्षातल्या सगळ्यात लांब दिवशी मोजणी होई. उन्हाच्या पाटीवर गारेची, म्हणजे गारगोटीच्या दगडाची, एक पांढरी रेघ आरपार गेलेली होती. सगळ्या जणी त्या रेघेवर आपापली शेपटी सरळ ठेवून बसत आणि मोजणीदार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आपल्या पंजांनी मोजत जाई. जिची शेपटी जास्त पंजांची तिची जागा वर. पुढचं वर्षभर कुणी कुठे बसायचं, ऊन आधी कुणी घ्यायचं, वाट कुणी कुणाला द्यायची, ते त्या दिवशी ठरे.

मोजणीदारीण होती जोंधळी. अंगावर जोंधळ्याच्या दाण्याएवढे पांढुरके ठिपके होते, म्हणून हे नाव. तिची स्वतःची शेपटी बत्तीस पंजांची होती. तिच्यापेक्षा दर्भा पुढे होती, पस्तीस पंजांची, आणि सगळ्यांच्या वर थोरली, एक्केचाळीस पंजांची, जिच्या शब्दावर कातळ चाले. पण जोंधळीचा खरा अभिमान शेपटीचा नव्हता, मोजण्याचा होता. तिच्या मोजणीत अर्ध्या पंजाचीही चूक निघत नसे. मैत्रीण असो की वैरीण, पाय तेवढेच पडत.

तीन वर्षांपूर्वी तिने आपल्या धाकट्या बहिणीची, मुगीची, मोजणी केली होती. मुगी मधल्या पायरीच्या कडेला टोळामागे गेली होती आणि मुंगुसाने तिला धरलं. दुपारी ती एकटीच चालत वर आली. मागे शेपटीच्या जागी बोथट बुंधा होता. सगळ्या जमल्या. थोरलीने मान हलवली तशी जोंधळी पुढे झाली आणि तिने मोजलं.

"चार पंजे," ती म्हणाली.

"ताई, मी परत आले," मुगी म्हणाली.

"मोजणीत ते धरत नाहीत."

जोंधळी हे रागाने बोलली नव्हती. नियम जसा होता तसा तिने सांगितला होता. मुगी वळली आणि पायऱ्या उतरून दगडगोट्यांत गेली. उतरताना तिचा तोल दोनदा गेला. जोंधळीने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. त्यानंतर तीन वर्षं दोघी बोलल्या नाहीत. एकाच कातळावर, हाकेच्या अंतरावर, राहूनही नाहीत.

मग कोरडं वर्ष आलं. पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. गवत गुडघाभर व्हायच्या आधीच पिवळं पडलं, आणि उन्हाच्या पाटीवर टोळ, कोळी, मुंगळे दिसेनासे झाले. सापसुरळीच्या शेपटीत चरबी साठलेली असते. अखंड सापसुरळ्या त्या चरबीवर दिवस काढू लागल्या. दिवसभर हलायचं नाही, ऊन खायचं आणि भूक शेपटीला सांगायची. जोंधळीच्या नजरेला एक गोष्ट खुपू लागली. सगळ्यांच्या शेपट्या होत्या तेवढ्याच लांब होत्या, पण वाळलेल्या शेंगांसारख्या बारीक झाल्या होत्या. लांबी मोजायला पंजे होते. जाडी मोजायचा रिवाज कधीच नव्हता.

सावरीच्या झाडाला फुलं आली तेव्हा थोरलीने तिला बोलावलं.

"खालच्या जिवंत आहेत का गं?" तिने विचारलं.

"आहेत. सकाळी हालचाल दिसते."

"मग त्या काहीतरी खात असणार. तू बघून ये. पण कुणाशी बोलत बसू नकोस."

जोंधळी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरली. मोजणीदार झाल्यापासून ती पहिल्यांदाच मधल्या पायरीच्या खाली येत होती. दगडगोट्यांपाशी पोचल्यावर तिला आधी गारवा लागला. वरून रखरखीत दिसणाऱ्या त्या ढिगाच्या पोटात ओल होती, आणि ओलीत वाळवी होती. कोणत्या दगडाखाली किती दिवसांनी वाळवी परत येते, हे तुटक्यांना ठाऊक होतं. त्या एकीमागून एक येत, दोन घास घेत आणि दुसरीसाठी जागा सोडून देत.

एका उंच धोंड्यावर एक म्हातारी बसली होती. खापराच्या रंगाची, अंगावरची रेघ पुसट झालेली, आणि मागे शेपटीच्या नावाला बोटभर बुंधा. ती खापरी. तिने जोंधळीला आपादमस्तक न्याहाळलं.

"मोजायला आलीस की खायला?" तिने विचारलं.

"बघायला आले."

"मग बघ. पण मोकळ्यावर उभी राहून बघू नकोस. समोर करवंदीच्या जाळीत भारद्वाज राहायला आलाय."

दगडाआडून मुगी बाहेर आली. जोंधळीने तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी सवयीने शेपटीकडे बघितलं. शेपटी परत आली होती. पूर्वीएवढी लांब नव्हती, मातकट होती, जाडसर होती, आणि सोनेरी रेघ जिथे मुंगुसाने धरलं होतं तिथे येऊन थांबली होती. पुढे नुसता रंग होता, एकसारखा.

"किती भरेल?" मुगीने विचारलं. तिच्या आवाजात थट्टा होती, पण कडवटपणा नव्हता.

"एकोणीस," जोंधळी म्हणून गेली, आणि तिची तिलाच लाज वाटली. मग तिने विचारलं, "तेव्हा फार दुखलं होतं का?"

"तुटताना नाही. तू मोजलंस तेव्हा दुखलं." मुगी तिच्या शेजारी सावलीत येऊन बसली. "ताई, तुला एक सांगू? आपण म्हणतो शेपटी तोडली. कुणी तोडत नाही. शेपटीच्या मणक्यांत बारीक चिरा असतात, एकामागून एक. धरलं गेलं की त्यातल्या एकीपाशी अंग आखडून घ्यायचं. मग ती सुटते. रक्तसुद्धा फारसं येत नाही, कारण शिरा आपल्याआप मिटतात."

"तुटक्यांच्या शेपटीत असतील चिरा."

"नाही गं. नव्या शेपटीत मणकेच नसतात, आत नुसती लवचीक कांडी असते. चिरा असतात त्या पहिल्या शेपटीत. जन्मापासून. माझ्यात होत्या, तुझ्यात आहेत, थोरलीबाईंच्या एक्केचाळीस पंजांतसुद्धा आहेत."

"अखंड शेपटीत तुटायच्या जागा कशा असतील?"

पण म्हणता म्हणताच जोंधळीला आपल्या शेपटीत, कधी नव्हे ती, ओळीने एकेक जागा जाणवू लागली. ती उठली. थोरलीला सांगण्यासारखं पुष्कळ जमलं होतं, आणि हे शेवटचं सोडून बाकी सगळं ती सांगणार होती.

वरच्या वाटेला लागायला मोकळा पट्टा ओलांडावा लागे. भारद्वाज उडतो कमी आणि चालतो जास्त. तो वाळल्या गवतातून पावलं टाकत आला होता, आणि खापरीची शीळ जोंधळीच्या कानावर पडेपर्यंत त्याची चोच तिच्या शेपटीच्या मुळाजवळ मिटली होती.

जोंधळीने तेच केलं जे तिला शिकवलं होतं. तिने पुढचे पंजे खडकाच्या कडेत रुतवले आणि शेपटी धरून ठेवली. ती तिघींची नावं तिच्या मनात आपोआप सुरू झाली, पहिल्यापासून, पिलं म्हणतात तशी. पंजे सुटत चालले होते. भारद्वाजाचा लाल डोळा तिच्यावरून हलत नव्हता. आपण अखंड जाणार, असं तिला स्पष्ट कळलं, आणि त्यात तिला अभिमान वाटायला हवा होता तो वाटला नाही.

तेवढ्यात तिला मुगी दिसली. मुगी दगडाआडून पूर्ण बाहेर आली होती आणि आपली मातकट शेपटी जमिनीवर आपटत, हलवत, पक्ष्याच्या दिशेने सरकत होती. तिला पक्ष्याचं लक्ष आपल्याकडे वळवायचं होतं. जुन्या शेपटीचा जो मणक्यांचा बुंधा उरला होता, तोही ती आता देऊन टाकणार होती, आणि तो पुरला नाही तर जीव.

"आत जा," जोंधळी ओरडली.

मुगी आत गेली नाही. आणखी दोन पावलं पुढे आली.

मग जोंधळीने तिघींची नावं म्हणायचं थांबवलं. चोचीच्या जरा अलीकडची एक जागा तिने मनाने शोधली, तिथे अंग आखडलं आणि पुढे झेप घेतली. सुकलेली काडी मोडावी एवढाच आवाज झाला. एकदम इतकं हलकं वाटलं, की ती स्वतःच्याच वेगाने कोलांटी खाऊन मुगीच्या अंगावर जाऊन आदळली. दोघी दगडाखाली शिरल्या.

तिथून जोंधळीने वळून पाहिलं. पक्ष्याच्या पायाशी तिची शेपटी नाचत होती. उसळी मारत होती, वेटोळं घेत होती, पुन्हा सरळ होत होती. जोंधळीपेक्षा तीच जास्त जिवंत दिसत होती. भारद्वाज तिच्यावर पाय देई, ती निसटे. चोच मारी, ती पालथी होई. बऱ्याच वेळाने त्याने ती एकदाची गिळली आणि जाळीकडे चालत गेला.

"माझी मुंगुसाने तशीच टाकली होती," मुगी म्हणाली. "मी परत जाऊन खाल्ली. एवढी चरबी वाया का घालवायची? माझीच तर होती."

जोंधळीला हसू आलं. मुगी तिला चिकटून बसून राहिली.

ती वर गेली नाही. जाताही आलं नसतं. तुटक्यांचं जगणं सोपं असतं असं कुणी समजू नये. पहिले कितीतरी दिवस जोंधळी वळणावर घसरून पडे, कारण वळताना तोल सांभाळायला मागे काही नसे. साठवलेली चरबी गेली होती, त्यामुळे एक दिवस उपास घडला तरी डोळ्यांपुढे अंधारी येई. त्या हंगामात तिने अंडी घातली नाहीत. अंगात तेवढं बळच नव्हतं. जे मिळे ते सगळं अंग शेपटीकडे पाठवत होतं. आधी बुंध्यावर काळसर कोंब आला, बोंडासारखा. मग तो लांबला, मऊ, बिनरेघेचा, पाऊस पडून गेलेल्या मातीच्या रंगाचा.

खापरीने तिला बाकीचं शिकवलं.

"एकदा जिथून सुटली तिथून पुन्हा सुटत नाही," ती म्हणाली. "पुढच्या वेळी त्याच्या वरची जागा शोधावी लागते, अंगाकडची. म्हणून उगीच सोडायची नाही. मी तीनदा सोडली. आता माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही, म्हणून धोंड्यावर बसून पहारा करते. ज्यांना सोडता येतं त्यांनी खाली फिरावं, मी बघत राहते."

"तुम्हाला भीती नाही वाटत, मावशी?"

"वाटते की. भीती वाटते म्हणून तर नजर चांगली राहते."

जोंधळीला मोजायची सवय जात नव्हती. तिने पाहिलं, की खाली चाळीस जणी होत्या आणि त्या चाळिसांना मिळून भारद्वाजाने, मुंगुसाने, सापाने पन्नासच्या वर वेळा धरलं होतं. ती हा हिशेब मनातल्या मनात पुन्हा पुन्हा करी आणि दर वेळी त्याच उत्तरावर येऊन थांबे. वरच्या पाटीवर ज्यांची नावं पाठ करून घेत त्या तीनच होत्या, आणि त्या तिघींपैकी एकही सांगायला परत आलेली नव्हती.

लांब दिवस जवळ आला तेव्हा दर्भा मधल्या पायरीच्या काठावर येऊन उभी राहिली. तिथून खाली ती उतरली नाही.

"जोंधळे, मोजणी तीन दिवसांवर आलीय," तिने वरूनच सांगितलं. "दुसरीला मोजता येत नाही. दोघींनी करून पाहिलं, तर भांडणं झाली. थोरलीबाईंनी तुला बोलावलंय."

"मी तुटकी झालेय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे." दर्भा घुटमळली. "थोरलीबाई म्हणाल्या, पाटीच्या कडेला भेग आहे, तिच्यात मागचं अंग ठेवून बस. मोजणारीला कोण मोजतंय? शेपटी आत आहे असंच सगळ्या समजतील."

दर्भा गेल्यावर मुगीने विचारलं, "जाणार आहेस?"

जोंधळीच्या आधी खापरीच बोलली. "तिला जायलाच हवं. भारद्वाजांच्या जोडीला पिलं झाली आहेत. चार दिवस बघतेय मी, आता ते आपल्याकडे फिरकत नाहीत. इथे त्यांना शेपटाशिवाय काही मिळत नाही, आणि तेवढ्याने पिलांचं भागत नाही. ते वरच्या पाटीकडे टेहळायला लागलेत."

वर सगळ्या जणी एका रेघेवर, उघड्यावर, शेपट्या लांब करून दिवसभर बसणार होत्या. तिघींच्याही ते एकदमच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी जोंधळी आणि मुगी निघाल्या. खापरीने हट्टाने सोबत यायचं ठरवलं. चढण तिला झेपत नव्हती, पण वरच्यांना पहारा कसा करायचा ठाऊक नाही, असं तिचं म्हणणं पडलं. तिच्यासाठी थांबत थांबत मोजणीच्या दिवशी सकाळी तिघी पाटीच्या कडेला पोचल्या. ती भेग तिथेच होती, कातळाच्या पोटात खोल गेलेली, पण अरुंद. शेपटीसकट सहा सापसुरळ्या शिरल्या तर सातवीला जागा नाही अशी. खापरी आणि मुगी तिच्या तोंडाशी थांबल्या. जोंधळी थोरलीपुढे गेली.

थोरली रेघेच्या डोक्याशी बसली होती. खूप वाळली होती. पण एक्केचाळीस पंजांची शेपटी पांढऱ्या गारेवर अशी सरळ पडली होती की बघत राहावं.

"भारद्वाज इकडे येणार आहेत," जोंधळी म्हणाली. "आजची मोजणी पुढे ढकला."

"ढकलली तर उद्या सकाळी कोण कुठे बसेल?"

"कुठेही बसतील. जिवंत बसतील."

थोरलीचा आवाज चढला नाही. ती समजूतदारपणे म्हणाली, "पोरी, तू खूप सोसलंस. भेगेत मागचं अंग ठेवून बस. कुणी काही विचारणार नाही, मी आहे."

ते बोलणं मायेचं होतं. म्हणूनच जोंधळीला ते टाळणं जड गेलं. तिने एकदा भेगेकडे बघितलं. मग ती रेघेच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि आपली नवी, आखूड, मातकट शेपटी तिने सगळ्यांसारखीच गारेवर सरळ ठेवली.

"नऊ पंजे," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "सावरीच्या फुलांच्या वेळी भारद्वाजाने मला धरलं. मी शेपटी सोडली आणि जगले. तुमच्या प्रत्येकीच्या शेपटीत तशा जागा आहेत. आत्ता, बसल्या जागी, शोधून ठेवा."

रेघेवर कुजबूज झाली. काही जणींनी तोंडं फिरवली. दर्भाने मात्र डोळे मिटले होते आणि तिच्या शेपटीतून, मुळापासून टोकापर्यंत, हलकीशी लहर जाताना जोंधळीला दिसली.

थोरली काही म्हणणार, इतक्यात भेगेच्या तोंडाशी खापरीची शीळ वाजली.

नर आणि मादी, दोन्ही आले. तांबूस पंख फडफडवत ते रेघेच्या दोन टोकांना उतरले. सगळ्या जणींनी शिकवल्याप्रमाणे पंजे रुतवले आणि श्वास रोखला. कुणी हललं नाही. नराने सरळ सगळ्यात लांब शेपटीवर पाय दिला.

"सोडा," जोंधळी म्हणाली. "आखडून घ्या आणि भेगेकडे पळा. मागे बघू नका."

पहिली दर्भा सुटली. तिची पस्तीस पंजांची शेपटी गारेवर उडी मारून नाचायला लागली आणि मादी दचकून तिच्याकडे वळली. ते बघून शेजारची सुटली, मग तिच्या पलीकडची. फांदी हलवल्यावर पिकल्या चिंचा टपाटप पडाव्यात तशा त्या एकामागून एक सुटत गेल्या. भेगेच्या तोंडाशी मुगी उभी राहून प्रत्येकीला आत ढकलत होती, कारण कुणालाच वळता येत नव्हतं. सगळ्या पहिल्यांदाच शेपटीवाचून पळत होत्या.

थोरली एकटी राहिली. तिच्या शेपटीवर पाय होता आणि तिने पंजे रुतवले होते. जोंधळी तिच्या अगदी जवळ गेली.

"या," ती म्हणाली.

"ही माझी नाही गं," थोरली दातओठ खाऊन म्हणाली. "ही सगळ्या कातळाची आहे."

"मग कातळाला राहू द्या. तुम्ही या."

पक्ष्याने चोच उचलली. थोरलीने त्या चोचीकडे बघितलं, जोंधळीच्या नऊ पंजांकडे बघितलं. मग तिच्या वाळलेल्या अंगातून एक कळ गेल्यासारखी झाली, आणि काडी मोडल्याचा तो आवाज आला. जोंधळीने तिला खांद्याने रेटत नेलं. पक्ष्याच्या पायाखालून एक्केचाळीस पंजांची शेपटी उसळून वर आली, तेव्हा तो तिच्यामागे धावला, मग दुसरीमागे, मग परत पहिलीमागे.

भेगेत सगळ्या मावल्या होत्या. सहा जणींच्या जागेत तेवीस जणी, अंगाला अंग लावून, आणि शेवटी आत आलेल्या दोघींसाठीही जागा निघाली. अंधारात कोण कुणाच्या शेजारी बसली आहे ते कळत नव्हतं. नुसते श्वास ऐकू येत होते आणि हळूहळू ते शांत होत गेले.

"कुणाला लागलंय का?" जोंधळीने विचारलं.

कुणालाच लागलं नव्हतं.

थोरलीला एक खरखरीत, उबदार अंग टेकलं होतं. ते खापरीचं आहे हे तिने ओळखलं, आणि तरी ती सरकली नाही.

"किती दिवसांनी येते?" थोरलीने हळूच विचारलं.

"पोटाला मिळालं तर थंडी पडेपर्यंत येईल," खापरी म्हणाली. "पण पहिल्यासारखी येत नाही हं. रेघ नसते."

"हात लावून बघू?"

खापरीला त्या दाटीत वळता येईना. तेव्हा सगळ्या जणी थोड्या थोड्या सरकल्या, आणि खापरीने आपला बोटभर बुंधा थोरलीच्या पंजाखाली दिला. बाहेर भर उन्हात, पांढऱ्या रेघेवर, लांबीच्या क्रमाने मांडलेल्या शेपट्या अजून नाचत होत्या, आणि दोन मोठे पक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्यामागे धावत होते.